बेवारस हाडांचा दहावा

धार संस्थानात माणसाला मरायची मोकळीक होती. पण मेल्यावर पंचनाम्यातला एकही रकाना रिकामा ठेवायची नव्हती. रिकामा रकाना दिसला की कागद धारहून परत येई, आणि परत आलेला कागद म्हणजे कुक्षी ठाण्याचे जमादार गणोजी यांना मरणाहून वाईट. मरण निदान एकदाच येते.

श्रीपादला हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? अकरा वर्षे तो दरबारच्या इमारत खात्यात हंगामी कारकून होता. त्यातली दहा वर्षे त्याने स्वतः लोकांचे कागद परत पाठवले होते. पण एकोणीसशे सातच्या उन्हाळ्यात त्याला एका नाल्यात पाठवले गेले, आणि नाल्यात उतरलेला माणूस कचेरीतली अक्कल वर काठावर ठेवून उतरतो.

कुक्षी आणि मनावर यांच्या मधल्या पट्ट्यात चुनखडीच्या दरडी आहेत. तिथे शंखशिंपले सापडतात, पाठीवर पाच पाकळ्यांचे फूल कोरलेले गोल दगड सापडतात, हे तिथल्या शेळ्यांनाही माहीत होते. कलकत्त्याच्या एका साहेबाने ते पाहून दरबारला कळवले की इथे फार पूर्वी समुद्र होता आणि हा पट्टा म्हणजे त्याचा किनारा. दरबारात आनंद झाला. शेजारच्या एकाही संस्थानाजवळ समुद्र नव्हता, गेलेला सुद्धा नव्हता. पुढे पावसाने एक दरड खचली आणि आतून वीस हात लांबीचा सांगाडा बाहेर आला. लांब मान, चपटे डोके, वल्ह्यांसारखे चार हातपाय, सगळे दगड झालेले. समुद्रात राहणारा, सुसरी-पालींच्या दूरच्या कुळातला प्राणी, असे साहेबाने लिहिले. पंधरवड्यात मी स्वतः येतो, तोवर हाडे काढून, गवतात बांधून, महूच्या रस्त्याला लावायला तयार ठेवा.

संस्थानात भूगर्भशास्त्राचे पुस्तक उघडलेला एकच माणूस होता. श्रीपादने कॉलेजात असताना ते अर्धे वाचले होते. दिवाणसाहेब म्हणाले, "हाडे सुखरूप पोचली तर तुम्हाला कायम करू." अकरा वर्षे हंगामी राहिलेल्या माणसाला असे काही सांगू नये. तो काहीही करतो.

पहिले दोन दिवस काम बरे चालले. तिसऱ्या दिवशी मजुरांनी पुढच्या वल्ह्यावरची माती झाडली आणि हत्यारे खाली ठेवली. वल्ह्याच्या आत बोटे होती. एक, दोन, तीन, चार, पाच. पेरे मोजता येत होती.

मजुरांचा मुखिया खुमान पटेल उकिडवा बसून बराच वेळ पाहत राहिला. मग उठून म्हणाला, "साब, यो मगर नी छे. यो मनुस छे. पाँच आँगळई छे."

"पटेल, अरे, पालीला पण पाच बोटं असतात," श्रीपाद म्हणाला.

"पाल बीस हात की नी होती, साब," खुमानने सांगितले. यावर पुस्तकात उत्तर होते, पण ते दुसऱ्या अर्ध्या भागात असावे.

गावच्या हद्दीत माणसाचे हाड सापडले तर ठाण्यात वर्दी द्यायची हे पटेलाचे कर्तव्य. खुमानने ते केले. गणोजी जमादार घोड्यावरून आले, सांगाड्याभोवती एक फेरी मारली, सावलीत बसले आणि छापील नमुना मांडीवर घेतला.

"मयताचा वर्ण?"

"जमादार, हे जनावर आहे!"

"ते मला पण दिसतंय भिया. पण वर्दी माणसाची आलीय. वर्दी जनावराची आली असती तर मी कोंडवाड्याचा नमुना आणला असता." गणोजींनी लिहिले: वर्ण, पांढुरका. अंगावर कपडे, नाहीत. जात, निश्चित नाही. जानवे आढळले नाही. मरणाचे कारण या रकान्यापाशी ते थांबले. "इथं समुद्र होता म्हणता ना तुम्ही?"

"होता."

गणोजींनी लिहिले: बुडून.

"आता शेवटचं. प्रेत ताब्यात कोण घेणार?"

"मी. दरबारच्या वतीनं."

"दरबार असा खानाच नाही इथं. नाव आणि नातं पाहिजे. नाव श्रीपाद मोरोपंत. नातं?"

"नातं कसलं? रिकामं ठेवा."

गणोजींनी लेखणी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचे दुःख होते. "रिकामं ठेवलं तर कागद वापस येणार. जायला-यायला तीन हप्ते. तोवर हाडाला कुणी हात लावायचा नाही, हुकूम आहे. साहेब तर पंधरवड्यात येणार." "मुलगा लिहू का? मुलगा म्हटलं की कुणी वर काही विचारत नाही."

श्रीपादने सूर्याकडे पाहिले, हाडांकडे पाहिले, आणि लिहा म्हणाला. गणोजींनी लिहिले. मग लेखणी तशीच वर मयताच्या नावाच्या रकान्याकडे नेली. तो इतका वेळ मोकळाच होता. ताबा घेणारा श्रीपाद मोरोपंत, नाते मुलगा. तेव्हा मयताचे नाव उघडच होते: मोरोपंत. शाई वाळेपर्यंत श्रीपादला ते दिसले नाही.

"अहो, माझे वडील देवासला आहेत! जिवंत आहेत!"

"असू द्या ना," गणोजी म्हणाले. "देवास आपल्या हद्दीत येत नाही."

देवासला मोरोपंत खरोखरच होते. थोरल्या पातीच्या, म्हणजे तिथल्या थोरल्या राजाच्या, दफ्तरातून निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे, रोज पहाटे थंड पाण्याने स्नान करणारे. श्रीपादची आई तो सहा वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून त्याची शेंडी, त्याचे पाढे, त्याचा ताप, सगळे या एका माणसाने पाहिले, एकही गोड शब्द न बोलता. जगात श्रीपादचे म्हणावे असे दुसरे कोणी नव्हते. बायको होती, उमाबाई. पण त्याही देवासला सासऱ्यांच्याच सेवेत होत्या, श्रीपादला महिन्यातून दोन दिवस मिळत.

पंचनामा झाला तरी मजूर हाडांना हात लावीनात. कागदाने माणूस ठरला, मग माणसाची क्रिया कोण करणार? खुमानने धरमपुरीहून शालिग्राम भटजींना बोलावून घेतले. भटजींनी पंचनामा मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर सगळे मजूर श्रीपादकडे वळले. त्या पाहण्यात राग नव्हता. मुलगा समोर उभा असताना आपण उगाच खोळंबलो, एवढेच होते.

"भटजी, मी जीवत्पितृक आहे," श्रीपादने बाजूला घेऊन सांगितले. "बाप जिवंत असताना मिशी उतरवत नाहीत, पिंड देत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायचं का?"

"शास्त्रात नाही बसत," शालिग्राम भटजींनी मान्य केले. "पण शास्त्राचं कसं आहे, ते मजुरांना माहीत नाही. तुम्ही तर शिकलेले. तुमचा विश्वास आहे का या गोष्टींवर?"

"मुळीच नाही."

"मग अडचण कसली? ज्याचा विश्वास असता त्याला मी बसवलं नसतं."

विश्वास नाही म्हणून नको म्हणायचे, तर भीती तरी कशाची? आणि भीती वाटते म्हणायचे, तर कॉलेजची चार वर्षे पाण्यात. शिकलेल्या माणसाची अशी कोंडी नेहमी न शिकलेलाच करतो.

"वर्षानंतर बातमी कळली तर नुसती आंघोळ पुरते ना?" त्याने शेवटची वाट काढून पाहिली. "याला मरून तर लाखो वर्षं झाली."

"ती सवलत भाऊबंदांना. आईबापांसाठी मुलाला दहा दिवस, कधी का कळेना." भटजींनी पंचांग उघडले. "गोत्र सांगा. माहीत नसलं की काश्यप लावतात, कारण सगळी प्राणिमात्रं कश्यपाचीच. तुमचं कोणतं?"

"काश्यपच."

भटजींनी पंचांग मिटले.

मनावर गावचा न्हावी आला. डोके झाले, मग मिशी. वस्तरा ओठावर आला तेव्हा श्रीपादने मनात बाबांचा चेहरा आणला. ही काळजी नव्हे, नुसती खबरदारी, असे स्वतःला सांगितले. न्हाव्याने आरसा पुढे धरला. आरशात एक पोरका माणूस होता.

मयताचा जीव दहा दिवस राहावा म्हणून एक खडा उचलून जवळ ठेवतात, जीवखडा. शालिग्राम भटजी सांगाड्याकडे पाहत म्हणाले, "इथं प्रेतच खड्याचं आहे. त्यातलंच एखादं घ्या." श्रीपादने पाचव्या बोटाचे शेवटचे पेर घेतले. सुपारीएवढे होते आणि उन्हात असूनही गार लागत होते. ते त्याने पंच्याच्या टोकाला बांधले. मंत्रात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "ते नाव नका घेऊ."

"हळू घेतो," भटजी म्हणाले.

मग दहा दिवस. दरडीशी एक झोपडी, जमिनीवर झोपणे, एक वेळ हाताने शिजवलेला भात, आणि शिवायला कोणी नाही. मजूर दुरून वाट काढत. मुख्य सांगाड्याला हात लावायचा नाही, पण आजूबाजूला खणायला हरकत नव्हती. चौथ्या दिवशी वीस पावलांवर दुसरा सांगाडा निघाला, सहाव्या दिवशी वरच्या वळणावर तिसरा. दोन्ही लहान. तिघांच्याही माना पश्चिमेकडे ताणलेल्या होत्या. पाणी तिकडे गेले असणार, आणि हे त्याच्या मागे निघालेले. चिखलात त्यांनी वल्ही घासल्याच्या खुणाही तशाच दगड होऊन राहिल्या होत्या.

"घरका लोग छे," खुमान श्रीपादला म्हणाला. तुमच्या घरचीच माणसे. तो सांत्वन करत होता.

सातव्या दिवशी दुपारी श्रीपाद झोपडीबाहेर बसला होता. ऊन पांढरे झाले होते आणि नाल्यात वाऱ्याचे नाव नव्हते. समोरच्या वाळूवरून एक सावली सरकत गेली. लांबट, पुढे निमुळती, चार बाजूंनी काहीतरी सावकाश मारत. घार असेल म्हणून त्याने वर पाहिले. आभाळ कोरे होते. सावली दरडीवर चढली, वाकली, आणि पलीकडे गेली. थोड्या वेळाने दुसरी आली, तिच्याहून मोठी. ती त्याच्या अंगावरून गेली तेव्हा क्षणभर थंडी वाजली, आणि त्याला वाटले की आपण फार खोल कशाच्या तरी तळाशी बसलो आहोत आणि वर, खूप वर, कोणी आपापल्या कामाला चालले आहे.

त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. सांगायची गरजही पडली नाही. संध्याकाळी खुमान दुरून त्याच्याशी तांदळाबद्दल बोलत होता, आणि बोलता बोलताच एक पाऊल बाजूला सरला, आपण रस्त्यात म्हैस आली की सरतो तसा. वाळूवरून काळे काहीतरी निघून गेले. खुमान पुन्हा जागेवर आला आणि म्हणाला की तांदूळ उद्यापर्यंत पुरेल.

दहाव्या दिवशी डबक्याच्या काठी पिंड मांडले. काळे तीळ, दर्भ, भाताचा गोळा, सगळे यथासांग. आता कावळा शिवला की झाले. मयताची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग ती ओळखून वचन द्यावे लागते. एवढे श्रीपादला ठाऊक होते. एक तास गेला. कावळा शिवणे दूरच, दिसलाही नाही. चिमणी नाही, होला नाही. एरवी कावळ्यांमुळे या नाल्यात जेवणाचे फडके उघडायची सोय नव्हती.

"बोला काहीतरी," भटजी कुजबुजले. "मुलाबाळांना सांभाळीन म्हणा. बहुतेकांचं तेच असतं."

"मुलाबाळांना सांभाळीन," श्रीपाद म्हणाला. लहान दोन सांगाडे ऐकत पडले होते. काही झाले नाही.

"देणंघेणं काही?"

"हाडं नीट पोचवीन. एकही तुटू देणार नाही. साहेब फार मोठ्या जागी ठेवणार आहेत." काही नाही. मजूर मागे ओळीने उभे होते. ऊन डोक्यावर आले. मुंडलेल्या टाळूवर ते खिळ्यासारखे लागत होते. साहेब तीन दिवसांवर होता. कायमची नोकरी तीन दिवसांवर होती. श्रीपादला एकाएकी रडू आले, कशाचे ते त्याला कळले नाही, पण आलेले रडू वाया जाऊ नये म्हणून त्याने हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, तुमच्यामागे मी आहे. मी तुमचाच. दुसऱ्या कुणाचा नाही."

बोलून गेल्यावर ते त्याला ऐकू आले. तोवर पश्चिमेकडून पांढरे काहीतरी आले होते. कावळा नव्हता. लांब पंखांचा, पिवळ्या चोचीचा पक्षी, जो श्रीपादने एकदाच, परीक्षेला मुंबईला गेला असताना, समुद्रावर पाहिला होता. तो पिंडाशी उतरला, मान वाकडी करून श्रीपादकडे पाहिले, आणि सगळा भात खाल्ला.

"पक्षी शिवल्याशी कारण," शालिग्राम भटजी घाईने म्हणाले आणि आपली भांडी गोळा करू लागले. धरमपुरीला जाताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

पुढचे सगळे सुरळीत झाले. जीवखडा डबक्यात सोडला. मजुरांनी दोन दिवसांत तिन्ही सांगाडे काढले, सोळा गाड्या भरल्या. साहेब आला, खूश झाला; मोठ्याच्या उजव्या हाताच्या पाचव्या बोटाचे एक पेर गहाळ असल्याचे तेवढे त्याने वहीत टिपून घेतले. गाड्या महूकडे गेल्या. आठवड्याने धारहून नेमणुकीचा हुकूम आला: कैलासवासी मोरोपंत यांचे चिरंजीव श्रीपाद यांना आजपासून कायम करण्यात येत आहे. त्याच टपालाने ठाण्यावर एक कार्ड आले होते. गणोजींनी ते आणून दिले. बाबांचे मोडी अक्षर, नेहमीसारखे काटेकोर. माझा मुलगा श्रीपाद आपल्या हद्दीत सरकारी कामावर आहे. तीन आठवडे त्याचे पत्र नाही. कृपा करून शोध घ्यावा.

"मी दोन पत्रं पाठवली!" श्रीपाद म्हणाला.

"मग मिळाली नसतील," गणोजी म्हणाले, पण त्याच्याकडे न बघता.

तारीख पाहिली तर कार्ड दहाव्याच्या दिवशीचे होते. श्रीपाद त्याच दिवशी निघाला. बैलगाडी, टांगा, आगगाडी, पुन्हा टांगा. सगळ्या वाटेत तो एकच हिशेब करत होता: कार्ड आले म्हणजे बाबा जिवंत आहेत. निदान कार्ड लिहिले तेव्हा होते. देवास हे एका गावात दोन राजांचे गाव. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी, दोन कचेऱ्या, दोन निशाणे. तिथे एखाद्याला दोन बाप असते तर कोणी विशेष नवल केले नसते, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याला हसू आले नाही.

दार उमाबाईंनी उघडले. त्याच्या ओठाकडे पाहून त्यांनी तोंडावर पदर दाबला. मग मागे वळून पाहिले. ओसरीवर मोरोपंत धडधाकट बसून सुपारी कातरत होते. त्यांनी पुन्हा नवऱ्याकडे पाहिले. "अहो... मामंजी तर हे बसलेत. मग हे कुणासाठी?"

श्रीपाद त्यांना ओलांडून आत गेला. त्याला एवढा आनंद झाला होता की जोडे काढायचे राहिले. "बाबा!"

मोरोपंतांनी चष्म्यावरून पाहिले, अडकित्ता खाली ठेवला आणि चटकन उठून उभे राहिले. घरच्यासाठी ते कधी उठत नसत.

"या, बसा. आपण कुठून आलात?"

"बाबा, मी श्रीपाद."

"असं का? आमच्या चिरंजीवांचं नाव तेच. कुक्षीकडे असतो. आपण त्याच बाजूचे का?" ते त्याच्या मागे दाराकडे बघत होते, आणखी कोणी येत आहे का म्हणून. "सूनबाई, पाहुण्यांना पाणी आण."

उमाबाई हलल्या नाहीत. "मामंजी, असं काय करता? अहो, हे आहेत!"

"कोण हे?" मोरोपंतांनी शांतपणे विचारले. त्यांच्या आवाजात भ्रम नव्हता, म्हातारपण नव्हते. सुनेला त्यांनी ओळखले होते, वार-तिथी त्यांना पाठ होती, काल धाकट्या पातीच्या कारभाऱ्याला काय सुनावले तेही आठवत होते. फक्त श्रीपादच्या चेहऱ्यावर त्यांची नजर पोचून थांबत नव्हती. सुतकी ओठापाशी येई आणि तिथे अदबीने खाली जाई.

"कोण गेलं आपलं?" त्यांनी विचारले.

श्रीपादने सगळे सांगायला तोंड उघडले. नाला, पंचनामा, रकाने, भटजी. पण समोरचा म्हातारा हात बांधून, दुसऱ्याच्या दुःखाशी बसावे तसा बसला होता, आणि त्या बसण्यापुढे खोटे बोलता येईना.

"वडील," तो म्हणाला.

"अरेरे. कधी?"

"फार दिवस झाले. मला आत्ता कळलं."

"वय?"

"फार होतं."

"काय निमित्त झालं?"

"पाणी ओसरलं."

"पटकीत तसंच होतं," मोरोपंत मान हलवत म्हणाले. "शेवटी जवळ होतात?"

"नव्हतो. पण दहावा मी केला."

"पक्षी शिवला?"

"शिवला."

"मग झालं तर. मुलानं याहून काय करायचं असतं?" आणि छत्तीस वर्षांत जे एकदाही केले नव्हते ते त्यांनी केले, सरकून जवळ आले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागले, सावकाश, वरपासून खालपर्यंत. "रडा. संकोच करू नका. बाप एकदाच असतो."

श्रीपाद रडला. हात पाठीवर होता तोवर रडत राहिला, आणि हात लवकर निघू नये म्हणून त्याहूनही थोडा जास्त.

दुपार झाली. मोरोपंतांनी पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही असे ठरवले होते. उमाबाईंनी डोळे पुसून, रोजच्या सवयीने, खांबाजवळ पाट मांडला.

"तो नको," मोरोपंत म्हणाले. "तो श्रीपादचा. पाहुण्यांना दुसरा दे."